वर्गातील गोणपाट

(मंडळाच्या वार्षिक जयंती समारंभात आम्ही उभयतांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)





या व्यासपीठावरून दरवर्षी विद्वान वक्ते परमपूज्य बाबासाहेबांच्या अर्थशास्त्रावर, राज्यघटनेवर आणि धम्मक्रांतीवर बोलतात. आम्ही विद्वान नाही. आम्ही एका मुलाचे आईवडील आहोत, एवढाच आमचा अधिकार. मंडळाने बोलण्याचा आग्रह केला तेव्हा आम्ही प्रथम नकार दिला होता, कारण विषय आमच्या घरातला आहे आणि घरातले चारचौघांत काढू नये अशी आपल्याकडची रीत आहे. परंतु झाकून ठेवलेले दुःख एकट्याने सोसावे लागते आणि उघड मांडलेल्या दुःखावर चळवळ उभी राहते, हे आपल्याच इतिहासाने आपल्याला शिकवले आहे. म्हणून आज उभे आहोत.

आमचा धाकटा मुलगा आज १२ वर्षांचा आहे. तीन वर्षांचा होईपर्यंत तो एकही शब्द बोलला नव्हता. हाक मारली तर वळून पाहत नसे. छताच्या पंख्याकडे मात्र तासन् तास पाहत बसे. डॉक्टरांनी ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, असे निदान केले. त्यानंतर आम्ही सर्वप्रथम काय केले असेल, तर ते लपवले. एरवी आपण जयंतीला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला सहकुटुंब येणारे. त्या वर्षी आम्ही येणे बंद केले. पुढे एकदा धीर करून आलो, तर बुद्धवंदना चालू असताना मुलगा मोठ्याने ओरडू लागला. कोणीतरी अगदी सौजन्याने म्हणाले, ‘त्याला जरा बाहेर घेऊन बसता का?’ आम्ही बाहेर गेलो. त्यानंतरची दोन वर्षे आमच्यापैकी एकाने वंदना ऐकली ती हॉलबाहेर मोटारीत बसून, बंद काचेतून.

नागपूरहून घरच्या वडीलधाऱ्या बाईंचा फोन आला. त्या रडत म्हणाल्या, ‘काय भोग आले गं पोराच्या वाट्याला, कोणत्या जन्माचं फेडतोय!’ त्यांची माया आम्ही जाणतो. म्हणून त्यांना दोष देत नाही. दोष आमचा, कारण आम्ही गप्प बसलो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भूमीवर बाबासाहेबांच्या मागोमाग ज्यांनी २२ प्रतिज्ञा उच्चारल्या, त्यांची आम्ही नातवंडे. जात हे पूर्वजन्मीच्या पापाचे फळ आहे असे कोणी म्हटले तर आम्ही रात्रभर वाद घालू. मग तेच तर्कट आमच्या पोराच्या मेंदूच्या जडणघडणीला लावले गेले तेव्हा आमची वाचा का बसली? कर्मविपाक आपण देव्हाऱ्यातून काढला खरा. तो मनाच्या कोपऱ्यात दडून बसला होता.

आता शाळेकडे वळू. आम्ही न्यू जर्सीत राहतो. येथील सरकारी शाळांचा कारभार स्थानिक स्कूल डिस्ट्रिक्ट पाहते, आणि अपंगत्व असलेल्या मुलाच्या विनामूल्य शिक्षणाची जबाबदारी तिसऱ्या वर्षापासून त्याच स्कूल डिस्ट्रिक्टवर असते. मुलाची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञांच्या गटाला येथे ‘चाइल्ड स्टडी टीम’ म्हणतात. त्यात मानसशास्त्रज्ञ, अध्ययन-अडचणींच्या जाणकार शिक्षिका आणि समाजकार्यकर्त्या असतात. त्यांच्या अहवालानंतर पालकांसह बैठक होते व त्या मुलापुरता एक लेखी आराखडा तयार होतो. त्याला ‘आय.ई.पी.’, म्हणजे वैयक्तिक शिक्षण आराखडा, असे म्हणतात.

पहिल्या बैठकीला आम्ही गेलो तेव्हा लांबट टेबलापलीकडे सहा जण होते, अलीकडे आम्ही दोघे. समोर जाडजूड कागदांचा गठ्ठा. त्यांनी हसतमुखाने सांगितले की, मुलासाठी दुसऱ्या इमारतीतील स्वतंत्र वर्ग योग्य ठरेल. तेथे ‘त्याच्यासारखीच’ मुले आहेत, तो तेथे अधिक आनंदी राहील. आणखी एक सल्ला मिळाला: घरात मराठी बोलणे बंद करा, दोन भाषांनी तो गोंधळतो. आम्ही त्याच संध्याकाळी सही करून आलो.

का केली सही? या प्रश्नाचे उत्तर आम्ही अनेक रात्री शोधले. आम्ही दोघेही संगणकाच्या क्षेत्रात नोकरी करतो, दिवसभर इंग्रजीत वाद घालतो; त्या टेबलापुढे मात्र आमचे इंग्रजी आटले. गुरुजी सांगतात ते मुलाच्या हिताचेच, हा संस्कार लहानपणापासूनचा. शिवाय आपण या देशात पाहुणे, व्हिसा अजून तात्पुरता, उगाच तक्रारखोर म्हणून नाव कशाला घ्या, ही भीती. ज्यांच्या आजोबांनी सही करता येत नाही म्हणून सावकाराच्या कागदावर अंगठा उठवला, त्यांच्या पदवीधर नातवंडांनी न वाचलेल्या कागदावर सुबक इंग्रजीत सही केली. फरक एवढाच पडला.

दोन वर्षे तो त्या स्वतंत्र वर्गात होता. दिवसाचा बराच वेळ रंगीत मणी वेगळे करण्यात जाई. दुसऱ्या इयत्तेच्या वेळी आम्ही आग्रह धरला की त्याला थोरल्या बहिणीच्या शाळेत, सर्वसाधारण वर्गात घ्यावे. शाळेने ते मान्य केले. आम्ही पेढे वाटले. काही आठवड्यांनी पालकांना वर्ग पाहण्याचा दिवस होता. सर्व मुले चार-चारच्या गटांत गोल बसली होती. आमचा मुलगा मागच्या कपाटाशेजारी, भिंतीकडे तोंड केलेल्या एका छोट्या टेबलाशी एकटाच बसला होता. त्याच्यापुढे तेच रंगीत मणी होते. बाई वाईट नव्हत्या. वर्गात बावीस मुले आणि मदतीला कोणी नाही. त्यांनी त्यांच्या परीने मार्ग काढला होता. कागदावर मात्र लिहिले होते की, हा मुलगा सर्वसाधारण वर्गात समाविष्ट आहे.

बंधू-भगिनींनो, त्या क्षणी आम्हा दोघांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र आले. साताऱ्याची शाळा आणि त्या शाळेतील बाल भीमराव. बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे की, वर्गातील हुशारीच्या क्रमाने इतर मुलांमध्ये बसण्याची त्यांना मुभा नव्हती. कोपऱ्यात वेगळे बसावे लागे, तेही स्वतःच्या गोणपाटावर. आणि शाळेची झाडलोट करणारा नोकर त्या गोणपाटाला शिवत नसे, म्हणून ते संध्याकाळी घरी न्यावे लागे व सकाळी परत आणावे लागे. तहान लागली तर शिपायाने नळ सोडला तरच पाणी. शाळेच्या पटावर त्यांचे नाव होते. हजेरीही लागत होती. शाळेत प्रवेश मिळणे आणि शिक्षणात वाटा मिळणे यांत किती अंतर असू शकते, याचा यापेक्षा मोठा पुरावा कोणता?

येथे एक खुलासा केला पाहिजे. अस्पृश्यता आणि अपंगत्व या एकच गोष्टी आहेत असे आमचे म्हणणे नाही. अस्पृश्यता हा समाजाने रचलेला निखळ अन्याय. आमच्या मुलाची अडचण खरी आहे आणि ती त्याच्यासोबत राहणार आहे. परंतु त्या अडचणीवर समाज जे उत्तर काढतो ते आपल्या ओळखीचे आहे. एक तर इमारतच वेगळी द्यावी, नाही तर त्याच वर्गात कोपऱ्यात गोणपाट द्यावे. दोन्हीकडे भाषा मात्र मुलाच्या भल्याची.

या देशातील कायदा याच दोन उत्तरांविरुद्ध लढून मिळवलेला आहे, आणि त्या लढ्याचे मूळ आपल्याला जवळचे आहे. १९५४ साली ब्राउन खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरवला. तोच युक्तिवाद पुढे अपंग मुलांच्या पालकांनी उचलला. १९७१ साली पेन्सिल्व्हेनियातील मतिमंद मुलांच्या पालकांच्या संघटनेने राज्याला न्यायालयात खेचले आणि त्या मुलांना शिक्षण नाकारता येणार नाही हे मान्य करून घेतले. १९७२ साली वॉशिंग्टनमधील मिल्स खटल्यात न्यायालयाने बजावले की, पैसा अपुरा असेल तर त्याची झळ एकट्या अपंग मुलांनी सोसावी हे चालणार नाही. तो खटला ज्या मुलांच्या नावाने चालला ती कृष्णवर्णीय मुले होती. त्यानंतर १९७५ चा कायदा आला; १९९० पासून तो ‘आय.डी.ई.ए.’ या नावाने ओळखला जातो. तो करताना अमेरिकन काँग्रेसने नोंदवले होते की, देशात ८० लाखांहून अधिक अपंग मुले आहेत, त्यांतील निम्म्याहून अधिकांना योग्य शिक्षण मिळत नाही आणि १० लाख मुले सरकारी शाळांच्या पूर्णपणे बाहेर आहेत. २०२२-२३ मध्ये या कायद्याखाली सेवा घेणारी मुले सुमारे ७५ लाख होती.

आणखी एक आठवण. १९७३ च्या कायद्यातील कलम ५०४ ने सरकारी मदत घेणाऱ्या संस्थांना अपंगांबाबत भेदभाव करण्यास मनाई केली. पण नियम निघेनात. तेव्हा एप्रिल १९७७ मध्ये शंभराहून अधिक अपंग स्त्री-पुरुषांनी सॅन फ्रान्सिस्कोतील सरकारी कार्यालयात जवळपास चार आठवडे ठिय्या दिला. त्यांना रोजचे गरम जेवण कोणी पुरवले? ब्लॅक पँथर पक्षाने. ज्यांच्या नावावरून १९७२ साली मुंबईत आपल्या तरुणांनी दलित पँथर हे नाव घेतले, त्याच पँथरांनी. तेव्हा हा लढा परक्यांचा आहे असे आपण कोणत्या तोंडाने म्हणावे?

भाषेचा प्रश्नही याच इतिहासात आहे. कॅलिफोर्नियात घरी स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांची बुद्धिमापन चाचणी इंग्रजीतून घेऊन त्यांना मंदबुद्धी ठरवले जाई. १९७० च्या डायाना खटल्याने त्याला आळा बसला. १९७९ च्या लॅरी पी. खटल्यात, कृष्णवर्णीय मुलांना अशा चाचण्यांच्या आधारे वेगळ्या वर्गांत टाकण्याविरुद्ध निकाल लागला. आज कायद्याने मुलाची तपासणी त्याच्या घरच्या भाषेचा विचार करूनच व्हावी लागते. आणि घरची भाषा सोडल्याने मूल लवकर बोलू लागते याला संशोधनाचा आधार नाही. हे कळेपर्यंत आमची दोन वर्षे गेली. त्या दोन वर्षांत आजीच्या फोनवर आमचा मुलगा तिला परका झाला. शाळेच्या सर्व चुकांत ही चूक आम्हाला आजही अधिक सलते, कारण ती अमलात आणणारे आम्हीच होतो.

वर्ग पाहून आल्यानंतर आम्ही काय केले ते सांगतो, कारण येथे बसलेल्या कोणाला तरी त्याचा उपयोग होईल.

पहिली गोष्ट, आम्ही लेखी मागणी केली. तोंडी बोललेले वाऱ्यावर जाते. पत्राला तारीख असते आणि तारखेला मुदत असते. न्यू जर्सीत प्रथमच तपासणीची लेखी मागणी केली की स्कूल डिस्ट्रिक्टला २० दिवसांत बैठक घ्यावी लागते आणि पालकांनी संमती दिल्यापासून ९० दिवसांत तपासणी पूर्ण करून आराखडा अमलात आणावा लागतो. पात्रता ठरवणाऱ्या बैठकीच्या किमान १० दिवस आधी अहवालांच्या प्रती पालकांना मिळाल्या पाहिजेत. अहवाल पटला नाही तर शाळेच्या खर्चाने स्वतंत्र तपासणी मागता येते; शाळेला ते अमान्य असेल तर आपला अहवाल योग्य असल्याचे तिने सुनावणीत सिद्ध करावे लागते.

दुसरी गोष्ट, आम्ही एकटे गेलो नाही. पालकांना बैठकीत जाणकार व्यक्ती सोबत नेता येते, दुभाषी मागता येतो. आमच्यासोबत या मंडळातील एक ज्येष्ठ ताई आल्या. त्यांना विशेष शिक्षणातले काही ठाऊक नव्हते. त्या फक्त वही उघडून बसल्या आणि कोण काय बोलले ते लिहीत राहिल्या. त्या वहीने टेबलाचे वातावरण बदलले, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले.

तिसरी गोष्ट, आम्ही मोघम शब्द मान्य केले नाहीत. जुन्या आराखड्यात लिहिले होते, ‘विद्यार्थ्याचे संवादकौशल्य सुधारेल.’ सुधारले की नाही हे कोण मोजणार? नव्यात लिहून घेतले की, चित्रफलकाच्या साहाय्याने तो पाच संधींपैकी चार वेळा स्वतःहून मदत मागेल. मदतनीस दिवसातून किती तास, स्पीच थेरपी आठवड्यातून किती वेळा आणि कोठे, बसण्याची जागा कोणासोबत, हे सर्व लिहून घेतले. २०१७ साली एन्ड्र्यू एफ. खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले आहे की नाममात्र प्रगती पुरेशी नाही. आराखडा त्या मुलाच्या परिस्थितीला साजेशी प्रगती घडवेल असा हवा.

चौथी गोष्ट, आम्ही जागच्या जागी सही केली नाही. हजेरीची सही वेगळी, संमतीची वेगळी. पहिला आराखडा पालकांच्या संमतीशिवाय लागू होत नाही, आणि पुढे त्यात बदल करायचा झाल्यास न्यू जर्सीत विचारासाठी १५ दिवस मिळतात. त्या मुदतीत मध्यस्थी किंवा सुनावणी मागितली तर वाद मिटेपर्यंत मुलाची आधीची व्यवस्था कायम राहते.

पाचवी गोष्ट आम्ही उशिरा शिकलो. मुलाला सर्वसाधारण वर्गात ठेवणे हा नियम आहे, वेगळे काढणे हा अपवाद. आवश्यक ते साहाय्य देऊनही वर्गात शिकवणे साधत नाही असे दिसले, तरच वेगळी व्यवस्था. न्यू जर्सीतीलच ओबेर्टी खटल्यात १९९३ साली संघराज्याच्या अपील न्यायालयाने हे ठामपणे सांगितले. आणि वाद सुनावणीपर्यंत गेला तर आपली व्यवस्था योग्य आहे हे सिद्ध करण्याचा भार शाळेवर राहील, असा कायदा या राज्याने २००८ साली केला.

फळ काय मिळाले? चमत्कार झाला नाही. तीन बैठका झाल्या, एकदा प्रकरण मध्यस्थीपर्यंत गेले. अर्ध्या दिवसासाठी मदतनीस मिळाली. आम्ही पूर्ण दिवस मागितला होता. दिवसाचे वेळापत्रक चित्रांत मिळाले. भिंतीकडचे टेबल हलले आणि तो दुसऱ्या रांगेत, एका बडबड्या मुलीशेजारी बसू लागला. गणितासाठी तो आजही ४० मिनिटे छोट्या वेगळ्या खोलीत जातो, आणि ते आम्हीच मागून घेतले, कारण तेथे तो खरोखर शिकतो. वेगळी खोली म्हणजे सदैव अन्याय असे नाही. ती मुलाच्या गरजेसाठी आहे की शाळेच्या सोयीसाठी, एवढे विचारावे. आज तो सहावीत आहे. वाचन दोन इयत्ता मागे आहे. आगगाड्यांची वेळापत्रके तोंडपाठ आहेत. घरात पुन्हा मराठी सुरू झाली. रविवारी आजीचा फोन आला की तो सांगतो, ‘आजी, जयभीम. आज पाऊस.’ आजी तेवढ्यावर आठवडा काढते.

आता मायभूमीविषयी थोडे. आपल्यापैकी अनेकांच्या भावाबहिणींच्या घरी तिकडे अशी मुले आहेत. बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालील समितीने मसुदा तयार केलेल्या घटनेच्या कलम ४१ मध्ये, शिक्षणाचा व सार्वजनिक साहाय्याचा हक्क सांगताना अपंगत्वाचा स्पष्ट उल्लेख आहे. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने मान्य अपंगत्वांची संख्या ७ वरून २१ केली, त्यांत स्वमग्नताही आहे; सर्वसमावेशक शिक्षणाची जबाबदारी शाळांवर टाकली. कायदा आणि गावची शाळा यांत अंतर मोठे आहे, हे खरे. परंतु तिकडे पैसे पाठवताना आपण या कायद्याची माहितीही पाठवू शकतो. प्रमाणपत्र काढण्यासाठी सोबत जाणारा एखादा कार्यकर्ता जोडून देऊ शकतो.

आणि या मंडळाकडे आमचे मागणे आहे. आपल्यात अशी आणखी कुटुंबे आहेत. ती आज आलेली नाहीत, आणि का आली नाहीत हे आम्हाला ठाऊक आहे. या देशात आडनाव सांगतानाच चाचपडणारे आपण, मुलाचे निदान तरी कसे सांगणार? मंडळाने चार-पाच जणांचा गट करावा, जो अशा पालकांसोबत शाळेच्या बैठकीला वही घेऊन जाईल. पुढील समारंभात हॉलशेजारी एक शांत खोली ठेवावी. आणि कोणत्याही मुलाला ‘बिचारा’ म्हणू नये. दया नको, शेजारी बसायला जागा हवी.

शेवटी तथागतांच्या संघातील एक कथा. चुल्लपंथक नावाच्या भिक्खूला चार महिन्यांत एक गाथाही पाठ होईना. त्याच्या थोरल्या भावाने, जो स्वतः भिक्खू होता, त्याला संघ सोडून जायला सांगितले. तो रडत उभा असता भगवंतांनी त्याला जवळ घेतले. पाठांतर जमत नाही तर राहो. त्यांनी त्याच्या हाती एक स्वच्छ वस्त्र दिले, आणि मळ दूर होवो असे म्हणत ते हाताने चोळत राहण्यास सांगितले. वस्त्र मळत गेले तसा चुल्लपंथकाला अनित्यतेचा बोध झाला आणि तो अर्हत झाला. भगवंतांनी त्याच्यासाठी ध्येय खाली आणले नाही. त्याला पेलेल अशी वाट दिली, तीही संघात ठेवून. वैयक्तिक शिक्षण आराखडा याहून वेगळे काय सांगतो?

आमचा मुलगा आज या सभागृहात आहे. तिसऱ्या रांगेत, कानांवर हेडफोन लावून बसला आहे. थोड्या वेळाने भन्तेजी वंदना घेतील. कदाचित तो उठून फेऱ्या मारील, कदाचित ओरडेल. आपली परवानगी असेल तर या वेळी आम्ही बाहेर जाणार नाही.

जयभीम! जय भारत!